आहार, विहार आणि भरगच्च शनिवार-रविवार



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

सहावा अध्याय ध्यानाचा. गेले काही दिवस आपण तो क्रमाने वाचतोय. जागा स्वच्छ असावी, आसन फार उंच नको, फार खाली नको, पाठ, मान आणि डोकं एका रेषेत असावं, मन एकाग्र करावं, इथपर्यंत आपण आलो होतो. आता पुढे समाधीबद्दल काहीतरी गूढ ऐकायला मिळणार असं वाटत असतानाच भगवंत बोलायला लागतात ते जेवणाबद्दल आणि झोपेबद्दल!

सोळाव्या श्लोकाचा सरळ अर्थ असा: जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, आणि सारखं जागणाऱ्यालाही नाही. सतराव्या श्लोकात तेच उलट बाजूने सांगितलंय. ज्याचं खाणं बेताचं, हिंडणं-फिरणं बेताचं, कामातली धडपड बेताची, झोप आणि जाग बेताची, त्याचा योग दुःख घालवणारा होतो.

मोजून बघा, पाच गोष्टी आहेत. आहार, विहार, काम, झोप, जाग. यात जपाची माळ नाही, देवघर नाही, आसनही नाही. आपण ध्यानाला बसतो ती जेमतेम वीस मिनिटं. भगवंत उरलेल्या दिवसाची चौकशी करतायत.

आणि त्यातले पहिले दोन शब्द, आहार आणि विहार, म्हणजे तर आपला अख्खा शनिवार-रविवार आहे.

उन्हाळ्यातले शनिवार-रविवार

आम्ही दोघंही नोकरी करणारे, पुण्यात राहणारे. गुढीपाडवा झाला की पाऊस सुरू होईपर्यंत दहा-बारा शनिवार-रविवार मिळतात आणि ते सगळे आधीच बुक झालेले असतात. मुलांच्या शाळांना सुट्ट्या, लग्नसराई, परदेशातली मित्रमंडळी घरी आलेली, आंबा सुरू झालेला. मेमधला एखादा नमुना सांगते. शनिवारी सकाळी ग्रुपबरोबर मिसळ. दुपारी लग्न. संध्याकाळी सुट्टीला आलेल्या मैत्रिणीला भेटायला एका गच्चीवरच्या हॉटेलात, तिथे पाऊण तास वेटिंग. रविवारी पहाटे सिंहगड, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. दुपारी मावशीकडे आमरस-पुरी, ‘अजून एक वाटी घ्या’सकट. संध्याकाळी कुणाचा तरी नवा फ्लॅट बघायला. परत येताना सगळ्यांचा आग्रह म्हणून मस्तानी. आणि मग सोमवार, डोक्यात शनिवारपेक्षा जास्त थकवा घेऊन.

तुमच्याकडे नावं वेगळी असतील. पुण्याऐवजी ठाणं असेल, सिंहगडाऐवजी अलिबाग असेल. चित्र तेच.

यात वाईट काय आहे? खरं सांगायचं तर काहीच नाही. माणसं माणसांना भेटतायत, एकत्र जेवतायत, हसतायत. आणि इथे सोळाव्या श्लोकाचा दुसरा अर्धा भाग नीट वाचायला हवा. भगवंतांनी फार खाणाऱ्याला जितकं स्पष्ट सांगितलंय, तितकंच अजिबात न खाणाऱ्यालाही. आपल्यापैकी काही जण साधनेला लागल्यावर दुसऱ्या टोकाला जातात. ‘मी आता कुणाकडे जात नाही. बाहेरचं काही खात नाही. हे सगळे मायेत अडकलेले.’ वर्षभर कुणाच्या घरी पाऊल नाही, मित्राच्या लग्नाला नाही, आजारी काकांना भेटायला नाही. तो स्वतःला विरक्त समजत असतो. गीतेच्या हिशेबात मात्र तो ‘न खाणारा’ असतो आणि त्यालाही योग साधत नाही असंच लिहिलंय.

तेव्हा हॉटेलात जावं की जाऊ नये, हा आजच्या श्लोकाचा प्रश्नच नाही. प्रश्न ‘युक्त’ या शब्दाचा आहे.

चौथा भाग मोकळा

‘युक्त’ आणि ‘योग’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. युज् म्हणजे जोडणं. युक्त म्हणजे जोडलेलं, जुळलेलं, आणि म्हणून बेताचं. ज्ञानेश्वर माउली या ठिकाणी फार व्यावहारिक बोलतात. जेवायचं ते युक्तीच्या मापाने मोजून, पावलं टाकायची ती बेताने, बोलायचं ते मोजकं, आणि झोपेलाही तिचा वेळ द्यायचा. सगळ्याला माप, पण कशालाच बंदी नाही.

मग हे माप काढायचं कसं? आदि शंकराचार्य सोळाव्या श्लोकावर लिहिताना एक जुनं प्रमाण देतात. पोटाचे चार भाग धरावेत. दोन भाग अन्नाला, तिसरा पाण्याला, आणि चौथा भाग वारा खेळता राहावा म्हणून मोकळा सोडावा. आपल्या आज्या ‘दोन घास कमी खा’ म्हणायच्या, ते हेच.

त्या चौथ्या भागाबद्दल मी बरेच दिवस विचार करत होते. तो भाग रिकामा असतो, पण वाया गेलेला नसतो. त्याच्यामुळेच बाकीच्या तीन भागांचं पचन होतं. तो भरला की आधी खाल्लेल्या चांगल्या अन्नाचंसुद्धा ओझं होतं. आमरस वाईट नसतो, त्यावरची चौथी वाटी जड जाते.

आता शनिवार-रविवारचेही चारच भाग होतात. शनिवारची सकाळ-दुपार, शनिवारची संध्याकाळ, रविवारची सकाळ-दुपार, रविवारची संध्याकाळ. यंदा पाडव्याला आम्ही दोघांनी ठरवलं की पोटाचं माप इथे लावून बघायचं. दोन भाग माणसांना, म्हणजे भेटीगाठी, लग्नं, बाहेरची जेवणं, सगळं त्यात बसवायचं. एक भाग पाण्याचा, म्हणजे ज्याने आतली तहान भागते त्याचा: वाचन, नाम, देवळात जाऊन शांत बसणं, कधी नुसती पुरेशी झोप. आणि चौथा भाग, रविवारची संध्याकाळ, पूर्ण मोकळी. तिला नावही द्यायचं नाही. ‘त्या वेळात कपाट आवरू’ असंही म्हणायचं नाही.

शंकराचार्यांनी हे वीकेंडसाठी सांगितलेलं नाही, हे उघडच आहे. हा आमच्या घरचा उपयोग आहे. पण करून बघितल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली नवरा-बायकोंबद्दल. आपल्या वयाची जोडपी शनिवार-रविवारी सगळ्यांना भेटतात आणि एकमेकांना भेटायचं तेवढं राहून जातं. दिवसभर बरोबर असतात, पण गाडीत बोलणं होतं ते पार्किंगचं, उशीर झाल्याचं, आहेरात किती घालायचे याचं. दुसऱ्यांच्या घरी दोघांनी मिळून हसायचं, आणि परत येताना दमून गप्प बसायचं. दोघांनी हातातला फोन बाजूला ठेवून, कुठे जायची घाई नसताना, एका खोलीत बसणं ही गोष्ट कॅलेंडरमध्ये आपोआप कधीच येत नाही. तिच्यासाठी जागा रिकामी असावी लागते. पहिल्या दोन रविवारी आम्हाला काय बोलावं तेच सुचेना. तिसऱ्या रविवारी नवऱ्याने त्याच्या वडिलांच्या तब्येतीची काळजी बोलून दाखवली. महिनाभर त्याच्या मनात होती. हॉटेलच्या टेबलावर, आठ माणसांत, ती कशी निघाली असती?

दुसरी गोष्ट जरा पुढे सांगते. त्याआधी थोडं महाभारतात जाऊन येऊ. कारण चौथा भाग मोकळा ठेवायचा तर कुणाला तरी ‘नाही’ म्हणावं लागतं. आणि ‘नाही’ कुणाला म्हणायचं, ‘हो’ कुणाला, हे कळायला हवं.

भगवंतांनी नाकारलेलं आमंत्रण

उद्योगपर्वातला प्रसंग आहे. युद्ध टळावं म्हणून श्रीकृष्ण पांडवांचा दूत होऊन हस्तिनापुरात येतात. दुर्योधन त्यांच्या स्वागताची जंगी तयारी करतो आणि जेवायला बोलावतो. श्रीकृष्ण नाही म्हणतात. दुर्योधन कारण विचारतो. दूताचं काम झाल्याशिवाय दूत जेवत नाही, असं ते आधी सांगतात. दुर्योधन पिच्छा सोडत नाही. तेव्हा ते खरं कारण सांगतात. त्याचा भावार्थ असा: दुसऱ्याच्या घरी माणूस दोनच कारणांनी जेवतो. एक, प्रेम असतं म्हणून. दुसरं, अडचण असते म्हणून. तुझं माझ्यावर प्रेम नाही, आणि मी काही अडचणीत नाही.

आणि ते उठून विदुराच्या घरी जातात.

प्रेम किंवा गरज. तिसरं कारण भगवंतांनी सांगितलेलंच नाही. आता आपल्या शनिवार-रविवारच्या जेवणांना ही चाळणी लावून बघा. आपण किती ठिकाणी तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या कारणाने जातो? सगळे जाणार आहेत म्हणून. नाही गेलो तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत म्हणून. ती जागा नवीन आहे आणि सगळ्यांचे फोटो येऊन गेले म्हणून. घरी बसलं की कंटाळा येतो म्हणून. ते आपल्याकडे दोनदा येऊन गेले, आता आपली पाळी म्हणून. यातलं एकही कारण पाप नाही. पण सोमवारी सकाळी जो शीण असतो ना, तो प्रेमाच्या जेवणाचा नसतो. या बाकीच्या कारणांचा असतो.

इथे एक गंमत सांगते. आपण लहानपणापासून ‘विदुराच्या कण्या’ ऐकत आलोय. बिचारा गरीब विदुर, घरात काही नाही, कण्या शिजवल्या आणि देवाने त्या आवडीने खाल्ल्या. पण महाभारतातला विदुर दरिद्री नाही. तो राजाचा मंत्री आहे, आणि त्या दिवशी त्याने पाहुण्यापुढे चांगलं, भरपूर अन्न ठेवलं असंच तिथे वर्णन आहे. कण्या लोकांच्या मनाने नंतर घातल्या. त्या गोड आहेत, मला आवडतात, पण त्यामुळे एक घोटाळा होतो. आपल्याला वाटतं की देवाला साधं अन्न आवडतं आणि पंचपक्वान्नं आवडत नाहीत. म्हणजे घरची खिचडी सात्त्विक आणि हॉटेलचं जेवण तामसी, असा सोपा निकाल लागतो. मूळ गोष्टीत फरक पक्वान्नांचा नाहीच. दुर्योधनाकडेही चांगलं अन्न होतं, विदुराकडेही होतं. फरक वाढणाऱ्याच्या मनातला होता. दुर्योधनाला श्रीकृष्ण आपल्या बाजूला हवे होते. विदुराला श्रीकृष्ण हवे होते.

म्हणून जिवलग मैत्रीण तीन वर्षांनी भेटतेय आणि तिला डोसाच खायचाय, तर त्या हॉटेलातलं टेबल हे विदुराचंच घर. आणि स्वतःच्या घरी दहा पदार्थ मांडून कुणावर तरी छाप पाडायची असेल, तर ते घर दुर्योधनाचं. जागा बघायची नाही, कारण बघायचं.

मेमधला एक रविवार

आता ती दुसरी गोष्ट. ज्याची आहे त्याला विचारून लिहितेय. ‘लिही, नाव नको’ म्हणाला.

नवऱ्याचा कॉलेजचा मित्र. आमच्या ग्रुपमधला सगळ्यात बडबड्या. एप्रिलपासून तो आणि त्याची बायको दिसेनात. एकदा बरं नाही म्हणून, एकदा गावाला चाललोय म्हणून. ‘पुढच्या वेळी नक्की’ असं तीनदा झालं. कुणाला काही शंका आली नाही, कारण शंका येऊ नये म्हणूनच तो झटत होता.

मेच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला फोन आला. “काय रे, घरी आहात का?” आम्ही घरी होतो. आधीचे कित्येक उन्हाळे त्या वेळी आम्ही घरी असणं शक्यच नव्हतं.

दोघं आले. मुगाची खिचडी टाकली, पापड भाजले, दुपारचा थोडा आमरस होता तो चौघांत वाटून घेतला. जेवण होईपर्यंत क्रिकेटच्या गप्पा. मग हात धुऊन आल्यावर त्याने सांगितलं की फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली. ऑफिसात माणसं कमी केली, त्यात तो. घराचे हप्ते चालू. बायकोच्या पगारावर घर चाललंय. आई-वडिलांना अजून सांगितलेलं नाही, रोज सकाळी तो बॅग घेऊन बाहेर पडतो आणि एका वाचनालयात जाऊन बसतो.

मग तो जे बोलला ते मी विसरणार नाही. म्हणाला, “ग्रुपबरोबर बाहेर गेलं की बिल सगळ्यांत सारखं वाटतात. दोघांचे तीन हजार. मी सूपच घेतलं तरी तीन हजार. शेवटचं आलो होतो ना, तेव्हा तुम्ही सगळे काय बोलत होता ते मला आठवत नाही. माझं लक्ष पूर्ण वेळ मेनूच्या उजव्या बाजूला होतं.”

ते दोघं साडेअकराला गेले. आम्ही त्याला नोकरी दिली नाही, पैसे दिले नाहीत, त्याने मागितलेही नाहीत. जाताना दारात म्हणाला की तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

श्रीकृष्णांनी सांगितलेली दोन कारणं त्या रात्री एकाच ताटात होती. प्रेम होतं म्हणून तो आला, आणि अडचण होती म्हणूनही.

मला या गोष्टीत आमचं कौतुक सांगायचं नाही. त्या संध्याकाळी आम्ही केलं काय, तर नुसते घरी होतो. पण म्हणूनच चौथा भाग मोकळा ठेवायचा. अडचणीतला माणूस आधी वेळ ठरवून येत नाही. तो अंदाज घेत येतो, शेवटच्या क्षणी फोन करतो, आणि ‘आम्ही बाहेर आहोत, उद्या भेटू का’ असं ऐकलं की ‘अरे काही विशेष नाही’ म्हणून फोन ठेवतो. भरलेल्या पोटात जशी वाऱ्याला वाट नसते, तशी भरलेल्या कॅलेंडरमध्ये अशा माणसाला वाट नसते. आपल्याला ते कधी कळतही नाही.

परतफेडीचा हिशेब

सतराव्या अध्यायात २० आणि २१ हे दोन श्लोक दानाचे आहेत. ज्याच्याकडून परत काही यायचं नाही अशाला, द्यायलाच हवं एवढ्याच भावनेने, योग्य जागी, योग्य वेळी दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीसाठी, फळावर नजर ठेवून किंवा मनात कुरकुरत दिलेलं ते राजस. हे श्लोक आपण पैशांच्या दानासाठी वाचतो. एकदा आमंत्रणांसाठी वाचून बघा. ‘त्यांनी आपल्याला बोलावलं होतं, आता आपण बोलवायला हवं’ हा शुद्ध राजस हिशेब आहे. समाज त्यावर चालतो, चालू द्या. पण वर्षाच्या बावन्न रविवारांत एक तरी पान अशा माणसासाठी मांडलं जावं, जो आपल्याला परत बोलावू शकणार नाही. सोसायटीच्या वॉचमनचं कुटुंब, पीजीत एकटा राहणारा ऑफिसातला नवा मुलगा, मुलं परदेशी असलेल्या शेजारच्या आजी.

तिसऱ्या अध्यायाचा तेरावा श्लोकही इथेच आठवतो. जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते अन्न खातच नाहीत, पाप खातात, इतक्या कडक शब्दांत भगवंत बोललेत. ‘स्वतःपुरतं’ म्हणजे एकट्यापुरतंच असं नाही. आठ जणांचा ग्रुपसुद्धा स्वतःपुरता असू शकतो. ज्याला परवडतं तोच आत, असं न बोलता ठरलेलं असू शकतं.

आणि हे काही आपल्याला नवीन शिकायचं नाही. उन्हाळ्यातल्या भेटीगाठींची एक सुंदर रीत आपल्या घरात आहेच. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. त्या महिन्याभरात घरोघरी हळदीकुंकू. आंब्याची डाळ, थंड पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. बंगल्यात गेलं तरी हेच, चाळीतल्या खोलीत गेलं तरी हेच. अर्धा तास बसायचं, आरास बघायची, पुढच्या घरी जायचं. बिल नाही, बडेजाव नाही, कुणाला परवडणार नाही असा पदार्थ नाही. विधवांना त्यातून वगळायचे, तेवढी त्रुटी आपण भरून काढायची आणि सगळ्यांनाच बोलवायचं. त्याच दिवसांत रस्त्यावर पाणपोया लागतात, अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान देतात. आपल्या पूर्वजांना उन्हाळा कळला होता. या दिवसांत माणूस तहानलेला असतो, आणि ती तहान नेहमी दिसतेच असं नाही.

टेबलावर बसल्यावर

बाहेर जेवायला गेल्यावर काय करायचं, हे बरेच जण विचारतात. नवव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या श्लोकात उत्तर आहे. जे करशील, जे खाशील, जे देशील, ते मला अर्पण कर. ‘घरी खाशील ते’ असं म्हटलेलं नाही. पहिला घास घेण्याआधी दोन सेकंद थांबून मनात ‘तुझंच आहे’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. हात जोडून डोळे मिटून सगळं टेबल थांबवायची गरज नाही. मित्र काय मागवतोय त्यावर प्रवचन नको. आपलं आपण जे खातो ते खावं, त्याचं त्याला खाऊ द्यावं.

तैत्तिरीय उपनिषदात भृगुवल्लीमध्ये अन्नाबद्दलची व्रतं सांगितली आहेत. अन्नाला नावं ठेवू नयेत, अन्न टाकू नये, अन्न वाढवावं, आणि दारी आलेल्याला परत पाठवू नये. हॉटेलात बसून पहिली तीन व्रतं सहज पाळता येतात. चव जमली नसेल तर पुन्हा जाऊ नका, पण समोरच्या ताटाची टर उडवू नका. हौसेने चार पदार्थ जास्त मागवून अर्धे सोडू नका. उरलं तर बांधून घ्या आणि खरंच खा. आणि आपल्यासाठी रात्री अकरा वाजता हसून पाणी आणणाऱ्या त्या मुलाकडे मान वर करून बघा. त्याचाही रविवारच आहे.

या आठवड्याचा संकल्प

चारच गोष्टी. जमतील तेवढ्या.

१. येत्या शनिवार-रविवारचे चार भाग करा आणि एक भाग मोकळा ठेवा. जोडीदार असेल तर दोघांनी मिळून ठरवा. त्यात काहीही भरू नका.

२. पुढच्या प्रत्येक आमंत्रणाला ‘हो’ म्हणण्याआधी एकदा विचारा: प्रेम आहे का? कुणाची गरज आहे का? दोन्ही नसेल तर गोड शब्दांत नाही म्हणा. भगवंतांनीही म्हटलं होतं.

३. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी तीनदा ‘पुढच्या वेळी’ म्हणालं असेल, तर त्याला हॉटेलात बोलावू नका. घरी बोलवा. किंवा तुम्हीच चार आंबे घेऊन त्याच्या घरी जा. काही विचारू नका, नुसतं बसा.

४. ग्रुपची पुढची भेट एकदा तरी कुणाच्या गच्चीवर ठेवा. भेळ, कलिंगड, पन्हं. आम्ही जूनच्या पहिल्या शनिवारी हेच केलं, सगळे आले, आणि बडबड्या पुन्हा बडबडला.

आजची प्रार्थना:

देवा, आमच्या ताटाला माप दे आणि आमच्या पावलांनाही. जिथे प्रेम आहे तिथे आम्हाला जेवायला ने. जिथे गरज आहे तिथे वाढायला ने. आणि आमच्या दिवसांत एवढी जागा नेहमी रिकामी राहू दे, की तू न सांगता आलास तर आम्ही घरी सापडू.

उद्या श्लोक १८ आणि १९. वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याचा फार सुंदर दृष्टांत आहे. उद्या सकाळी भेटू.

राम कृष्ण हरी.